शब्दाला वजन कुठून येतं?

आपल्या मंडळाच्या गेल्या दोन-तीन कार्यक्रमांत एक बदल जाणवला. पूर्वी चहा घेताना तिशीतली मंडळी एकमेकांना विचारायची, "सध्या कुठे आहेस?" आता विचारतात, "तुझ्या हाताखाली किती जण आहेत?" कोणी हैदराबादला, कोणी पुण्याला, कोणी नागपूरला, तर कोणी आदिलाबादेतच राहून काम करतंय. आपल्यातले बरेच जण आता टीम लीड, मॅनेजर, शाखाधिकारी, मुख्याध्यापक झालेत. आणि खुर्ची मिळाल्यावर तीनेक महिन्यांत जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी एकच तक्रार येते: "मी सांगते, सगळे हो म्हणतात, आणि होत मात्र काहीच नाही."

हुद्दा ऑर्डरच्या कागदावर मिळतो. शब्दाला वजन मात्र त्या कागदासोबत येत नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा विषय आम्हाला कधी नव्हताच. पुढे कंपनीतल्या ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं, त्यातली उदाहरणं सगळी परदेशी कंपन्यांची. ती वाईट नसतात, पण आपली वाटत नाहीत. मला स्वतःला या विषयातलं सगळ्यात जास्त शिकवलं ते आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाने. म्हणून आज ऑफिसातल्या संवादाबद्दल लिहिताना सुरुवात आदिलाबादच्या डोंगरांतून करते.

जोडेघाटनंतर

१९४० साली कोमरम भीम आणि त्यांचे साथीदार जोडेघाट इथे निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. हे तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं गाव. २०१६ साली जिल्ह्याचे चार भाग झाले आणि ते भीम यांच्याच नावाच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. मागणी होती ती जमिनीची, जंगलाची, गुरांच्या चराईची. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात राहिलो तिथे कसायला जमीन हवी आणि खात्याच्या शिपायांचा जाच थांबावा, एवढंच. ते कोणी नीट ऐकून घेतलं नाही आणि प्रकरण बंदुकीपर्यंत गेलं.

बंड मोडल्यावर सरकारपुढे प्रश्न उभा राहिला: हे लोक एवढे का पेटले? त्याचा शोध घ्यायला जे आले ते क्रिस्टॉफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ. १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते भारतात होते आणि हातात जर्मन पासपोर्ट होता. म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली आणि त्यातून आपल्या भागातल्या आदिवासींचा अभ्यास सुरू झाला.

जरा मॅनेजरच्या नजरेने बघा. या माणसाजवळ सुरुवातीला काय होतं? पोलीस नव्हते, निधी नव्हता, जमीन देण्याचा अधिकार नव्हता. गोंडांच्या दृष्टीने ते नुकताच गोळीबार केलेल्या सरकारने पाठवलेले गोरे साहेब होते. विश्वास ठेवायला एकही कारण नव्हतं.

त्यांनी पत्नी बेट्टी यांच्यासह मारलावाई या गोंड गावात मुक्काम केला. गोंडी शिकले. सण, लग्नं, अंत्यविधी, परधान भाटांची कथागायनं, सगळ्याला बसले. जमिनीचा प्रश्न त्यांना तिथे लोकांच्याच शब्दांत कळला. मग ते त्यांनी सरकारला कळेल अशा भाषेत लिहिलं. १९४५ मध्ये त्यांचे चार अहवाल 'ट्रायबल हैदराबाद' या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे ते निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. १९४०च्या दशकात हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. एकूण क्षेत्र एक लाख एकरांहून जास्त होतं. १९४३ मध्ये मारलावाईलाच गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं. पहिली पुस्तकं गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत होती, कारण आपल्या पट्ट्यात गोंडांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार तेव्हा बराचसा मराठीत चाले. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरासुद्धा आपल्याच जिल्ह्यात होते, हे लक्षात घेतलं की यात नवल वाटत नाही.

हा सगळा क्रम नीट बघितला तर पहिली पायरी ऐकण्याची आहे, आणि हुकूम त्यात शेवटी कुठेतरी येतो.

त्यांची भाषा म्हणजे काय?

अशा बाबतीत आपला मराठी माणूसही मागे नव्हता. सेतुमाधवराव पगडी हे नाव आपल्याकडे मुघल-मराठा इतिहासाचे अभ्यासक म्हणून घेतलं जातं. ते मूळचे निलंग्याचे, जन्म १९१०चा. पण ते हैदराबाद संस्थानाच्या सेवेतले अधिकारी होते, आदिलाबादच्या गोंडांमध्ये त्यांनी काम केलं आणि गोंडी शिकले. 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक त्यांचंच. गोंडीचं व्याकरणही त्यांनी लिहिलं. आता विचार करा. वरिष्ठ अधिकाऱ्याला दुभाषी सहज मिळाला असता. उर्दू ही सरकारी भाषा होती, "अर्ज उर्दूत आणा" म्हणून मोकळं होता आलं असतं.

आपल्या ऑफिसात गोंडी नसते, पण प्रत्येकाची भाषा वेगळी असतेच. माझ्या टीममध्ये नऊ जण आहेत. त्यातली एक टेस्टर वरंगलकडची. रोजच्या कॉलवर ती "नो ब्लॉकर्स" म्हणायची आणि म्यूट व्हायची. पण तिने लिहिलेले बग रिपोर्ट वाचले की कळायचं, या मुलीला सगळं दिसतंय. मी तिला सांगितलं की कॉलवर तेलुगूत बोल, ज्याला समजणार नाही त्याला मी सांगेन. पहिल्या आठवड्यात दोनच वाक्यं आली. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली की नेट मध्येच तुटून परत आलं आणि ग्राहकाने पुन्हा बटण दाबलं, तर पैसे दोनदा कापले जातात. रिलीज चार दिवसांवर होतं. ही गोष्ट तिने त्याआधी रिपोर्टमध्ये लिहिलीही होती, बाराव्या क्रमांकावर, 'मध्यम' प्राधान्याने. इंग्रजीत ते वाक्य सपाट होतं. तेलुगूत सांगताना तिच्या आवाजात काळजी होती, ती सगळ्यांना ऐकू आली. रिलीज दोन दिवस पुढे गेलं.

भाषा म्हणजे फक्त तेलुगू-मराठी नव्हे. अकाउंट्सवाल्याशी बोलताना "मॉड्यूल" म्हणण्याऐवजी "बिलाचा भाग" म्हणणं हीसुद्धा त्याची भाषा बोलणंच आहे.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगते. आपल्या भागात गोंडी फक्त भल्या लोकांनी शिकली नव्हती. बाहेरून आलेले व्यापारी आणि सावकारही गोडीगुलाबीने बोलत, आणि त्या गोड बोलण्यातून जमिनी गेल्या. म्हणजे संवादाचं कौशल्य ही धारदार वस्तू आहे. समोरच्याचं भलं मनात नसेल तर तीच वस्तू फसवणुकीची होते, आणि लोकांना ते आज ना उद्या कळतंच.

नागोबाचा दरबार

इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाचा हा मोठा सोहळा. या जत्रेत दरबार भरतो, आणि त्याची सुरुवात १९४०च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने झाली. जिल्ह्याचे अधिकारी तिथे येऊन बसतात आणि गावोगावची जाणती माणसं उभी राहून आपल्या अडचणी सांगतात. आजही ही प्रथा चालू आहे.

यातली हुशारी बघा. लोकांना कचेरीत बोलावलं असतं तर किती आले असते? जी तारीख लोकांच्या पंचांगात आधीच होती, जी जागा त्यांची स्वतःची होती, तिथे सरकार गेलं. शिवाय पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच यायचं असल्यामुळे, दिलेला शब्द विसरणं अवघड झालं.

आपल्या भाषेत याला ठरलेली वन-ऑन-वन म्हणता येईल. "माझा दरवाजा कायम उघडा आहे" असं बहुतेक मॅनेजर सांगतात, आणि त्या दरवाजातून कोणी येत नाही. कारण आत जाणं म्हणजे तक्रार करणं, असा अर्थ होतो. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी अर्धा तास ठरवावा, तो काही झालं तरी रद्द करू नये, आणि पहिली वीस मिनिटं आपण बोलू नये. तारीख आधीच ठरलेली असली की तक्रार सांगायला वेगळं धाडस लागत नाही.

ऐकायचं बंद झालं की काय होतं, हेही आपल्याच जिल्ह्याने बघितलंय. केसलापूरपासून इंद्रवेल्ली फार लांब नाही. २० एप्रिल १९८१ रोजी तिथे सभेसाठी आलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. ऑफिसात गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे ही तुलना मी जपूनच करते. पण जोडेघाट आणि इंद्रवेल्ली या दोन्ही ठिकाणी आधी लोक बोलत होते, हे विसरता येत नाही.

'नाही' कसं सांगायचं

वजनाची खरी परीक्षा नकार देताना होते. याचा उत्तम वर्ग भरतो तो आदिलाबादच्या कापूस मार्केटात. दिवाळीच्या आसपास यार्डात गाड्यांची रांग लागते, पैनगंगेपलीकडूनही कापूस येतो. भाव ठरतो तो ओलाव्यावर. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, आणि त्याच्या वर गेलं की खरेदी नाही. वर्षभराचं पीक गाडीत, आणि निकाल एका छोट्या यंत्रावरच्या आकड्यात. साहजिकच वाद होतात.

आमच्या नात्यातल्या एका काकांनी या धंद्यात उभी हयात काढली. त्यांची पद्धत ठरलेली होती. यंत्र गाडीत खुपसलं की आकडा आधी शेतकऱ्याला दाखवायचे, मग स्वतः बघायचे. शंका असेल तर गाडीच्या तळातून आणि वरून, दोन्हीकडून पुन्हा मोजायचे. आणि मग सांगायचे, "भाऊ, चौदा आलंय. आज घेता येत नाही. दोन दिवस ऊन दे, शनिवारी आण, मी इथेच आहे." नकार तोच, पण शेतकरी आरडाओरड न करता गाडी वळवायचा. लांबूनच "ओला आहे, काढा गाडी" म्हणणाऱ्यांच्या भोवती मात्र गर्दी जमायची.

काकांच्या त्या दोन वाक्यांत तीन गोष्टी आहेत: आकडा, कारण आणि पुढचा रस्ता. पगारवाढ मागणाऱ्याला, रजा मागणाऱ्याला, दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये जायचं म्हणणाऱ्याला आपण नकार देतो तेव्हा यातल्या किती गोष्टी असतात? "मॅनेजमेंटचा निर्णय आहे" हे लांबून ओरडण्यासारखंच झालं. "या वर्षीच्या बजेटमध्ये आपल्या टीमला दोनच बढत्या आहेत, त्या अमुक कामासाठी गेल्या, तुझ्याकडून मला पुढच्या सहा महिन्यांत हे दोन भाग स्वतंत्रपणे सांभाळलेले बघायचेत, आणि ऑक्टोबरमध्ये मी तुझं नाव लिहून देईन" हे यंत्र दाखवणं झालं. ऐकणाऱ्याला वाईट वाटतंच. अपमान वाटत नाही.

वर काय सांगता?

हाताखालच्या लोकांशी गोड बोलणं त्यामानाने सोपं. मॅनेजरचं वजन ठरतं ते तो वरच्यांशी काय बोलतो यावर. हायमेनडॉर्फ यांनी मारलावाईत फक्त सहानुभूती दाखवली असती तर आज त्यांचं नाव कोणी घेतलं नसतं. ज्या सरकारने नेमलं त्याच सरकारला त्यांनी लिहून दिलं की अडचण लोकांत नाही, तुमच्या व्यवस्थेत आहे. तेही आरोपाच्या सुरात न लिहिता गावागावाच्या तपशिलासह.

माझ्या एका जुन्या कंपनीत एक मॅनेजर होते. वरून आलेली प्रत्येक तारीख ते रात्री अकराला जशीच्या तशी ग्रुपवर टाकायचे, आणि खालून आलेली अडचण वर जाताना "टीम प्रयत्न करतेय" अशी होऊन जायची. माणूस स्वभावाने वाईट नव्हता, वाढदिवसाला केकही आणायचा. पण वर्षभरात टीम अर्धी रिकामी झाली. त्याच मजल्यावर दुसऱ्या एक मॅडम होत्या. त्या दर शुक्रवारी एक छोटा मेल लिहायच्या आणि तो टीमला आणि त्यांच्या साहेबांना एकत्रच पाठवायच्या. तीनच शीर्षकं असायची: या आठवड्यात मी काय ऐकलं, त्यातलं काय करणार आहे, आणि काय करू शकत नाही. खाली एक वर एक बोलायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. त्यांच्या टीममध्ये जायला लोक वाट बघत.

तो शुक्रवारचा मेल मी उचललाय. लिहायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तिसरं शीर्षक लिहिणं सगळ्यात जड जातं, आणि लोक तेच आधी वाचतात.

माणूस गेल्यावर काय उरतं?

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हायमेनडॉर्फ १९४९ मध्ये लंडनला शिकवायला गेले. पुढे १९७०च्या दशकात ते आपल्या भागात परत आले तेव्हा त्यांना दिसलं की ज्या जमिनींचे पट्टे मिळाले होते, त्यातल्या बऱ्याच बाहेरच्यांच्या ताब्यात गेल्या होत्या. १९८२च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे दुःखाने नोंदवलंय. मारलावाईच्या लोकांनी त्यांना विसरलं नाही. १९८७ मध्ये बेट्टी यांचं निधन झालं, त्यांची समाधी मारलावाईतच आहे. प्रेम टिकलं. जमीन सगळी टिकली नाही.

मला वाटतं, प्रत्येक नव्या मॅनेजरने यावर विचार करावा. लोक आपल्याला मानतात, ऐकतात, आपल्यावर जीव टाकतात, हे सुखाचं असतं. पण सगळं आपल्या एकट्याच्या गोड स्वभावावर उभं असेल, तर आपली बदली झाली की ते कोसळतं. म्हणून जे ऐकलं त्याची पद्धत व्हायला हवी. नागोबाचा दरबार ऐंशी वर्षं टिकला, कारण तो एका साहेबाच्या मर्जीवर राहिला नाही, जत्रेचा भाग झाला. माझ्या टीममध्ये आता कॉल आळीपाळीने वेगवेगळे जण चालवतात, आपल्या भाषेत बोलण्याचा नियम लिहून ठेवलाय, आणि शुक्रवारचा मेल मी रजेवर असले तर दुसरं कोणीतरी लिहितं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आवडेल असं एक शेवटचं उदाहरण. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली. ती अक्षरं जाणणारे अगदी मोजके वृद्ध उरले होते. अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी मिळून त्यावर काम केलं आणि २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत 'गुंजाला गोंडी' या नावाने त्या लिपीला जागा मिळाली. चार वृद्धांच्या आठवणीवर अवलंबून असलेली गोष्ट आता जगातल्या कुठल्याही संगणकावर उमटू शकते. ऐकलेलं टिकवायचं ते असं.

आपली मराठी या जिल्ह्यात तेलुगू, गोंडी, उर्दू, लंबाडी यांच्या शेजारी वाढली. बाजारात एका वाक्यात तीन भाषा बोलणारी आपण माणसं. समोरचा कुठल्या भाषेत मोकळा होतो, हे ओळखायची सवय आपल्याला घरातूनच लागलेली आहे. ऑफिसच्या दारात शिरताना ती बाहेर ठेवू नका. येत्या सोमवारी कॉलवर जो सगळ्यात कमी बोलतो, त्याच्याशी कॉल संपल्यावर दहा मिनिटं बोला, आणि त्याने सांगितलेल्यातल्या एका तरी गोष्टीचं उत्तर शुक्रवारपर्यंत त्याला द्या. उत्तर 'नाही' असलं तरी द्या, फक्त आकडा दाखवून.